लदेणी मंडळातली चांदी

आमच्या दादाला चूक खपत नसे. तो रिसोडच्या एका शाळेत इतिहास शिकवायचा, आणि जेवताना कुणी चुकून मागच्या बाजारातला भाव आजचा म्हणून सांगितला तरी घास खाली ठेवून दुरुस्त करायचा. सत्तरच्या दशकात त्याने गावातल्या चार-पाच जणांना जमवून एक मंडळ काढलं. त्याचं नाव लदेणी मंडळ. रेल्वे आणि मोटारी येण्याआधी बंजारे लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादून कोकणातलं मीठ वऱ्हाडात आणत आणि इथलं धान्य तिकडे नेत. त्या व्यापाराला लदेणी म्हणतात. आता ती कुणीच करत नव्हतं, म्हणून आमच्या गावचा एक मास्तर, एक सोनार, एक अडत्या आणि दवाखान्यातला कंपाउंडर, बायकापोरांतलं जे येईल त्याला घेऊन, दरवर्षी थंडीत बंजाऱ्यांचा पोशाख करून निघत. शेतकऱ्यांकडून मागून आणलेल्या बैलांवर मिठाच्या गोण्या टाकायच्या, बाजारातून मिरवत बाहेर पडायचं, पैनगंगेच्या काठी पालं ठोकून दोन दिवस राहायचं आणि परत यायचं. लोक हसत. हसण्यासारखंच होतं ते.

मंडळाचे नियम दादाने केलेले. घड्याळ नाही, टॉर्च नाही, काडेपेटी नाही, चूल चकमकीने पेटवायची. चहासुद्धा नाही, कारण लदेणीच्या काळात आपल्याकडे चहा नव्हता. दुपार झाली की अडत्या पोट दुखतंय म्हणून तुरीच्या शेतात जायचा आणि तिथे थर्मास उघडून बसायचा. थोड्या वेळाने कंपाउंडरचंही पोट दुखायला लागे. बैल बिचारे गाडीला जुंपायची सवय असलेले, पाठीवर ओझं आलं की त्यांना कळेना आता करायचं काय. पहिल्याच वर्षी एक बैल गोणीसकट नाल्यात बसला आणि मीठ विरघळून गेलं. दादाला त्याचाही आनंद झाला. म्हणाला, जुन्या काळी असंच व्हायचं.

गंमत अशी की ज्यांचं सोंग आम्ही घेत होतो ते लोक नदीच्या वाटेवरच राहत होते. त्यांचा तांडा, म्हणजे त्यांची वस्ती, आमच्या मुक्कामापासून हाकेच्या अंतरावर होती. निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली असायची. एरवी त्या तांड्यावरची बाई लाकडं विकायला आली तर आमच्याकडे तिला ओट्याखाली उभं राहावं लागे. आणि त्याच बाईसारखा घागरा घालून आमची माणसं बाजारातून मिरवत होती. हे मला तेव्हा खटकलं नाही. आता खटकतं.

मी त्या मंडळात कशी शिरले, ते सांगते. लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तोच माझे मालक काविळीने गेले आणि मी माहेरी परत आले. पोरबाळ नव्हतं. सासरच्यांनी वाईट वागवलं असं नाही, फक्त माझं तिथे काही काम उरलं नव्हतं. माहेरी काम भरपूर होतं. आई मला फिक्या रंगाची लुगडी आणून द्यायची आणि देताना माझ्याकडे बघायची नाही. हळदीकुंकवाला बायका आल्या की मी मागच्या खोलीत डाळ निवडत बसायची. कुणी मला तिथे बस म्हणत नसे, माझी मीच जाऊन बसायची. माणसाला न सांगता कळतं आपण कुठे नको आहोत ते.

मंडळात बायका कमी पडत होत्या. वहिनीने तर पहिल्याच वर्षी सांगून टाकलं की आरशांची चोळी घालून मी बाजारातून जाणार नाही, लोक तोंडात शेण घालतील. मग दादाने मला विचारलं. आई घाबरली. विधवा पोर, लाल घागरा, अंगभर चांदी, गाव काय म्हणेल. तेव्हा दादाने जे आईला सांगितलं ते मी मागच्या खोलीतून ऐकलं. तो म्हणाला, त्या पोशाखात कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, हिरवा चुडा नाही. आपल्या सवाष्णीचं म्हणून जे काही असतं त्यातलं एकही नाही. मग कुणाची काय हरकत? आईने बराच विचार केला आणि म्हणाली, कुंकू नाही न, मंग जाऊ दे तिले.

दादाचं मन वाईट नव्हतं, हे मला लिहून ठेवलंच पाहिजे. मला त्या डाळीच्या खोलीतून बाहेर काढायला त्याला एक फट सापडली होती आणि ती त्याने माझ्यासाठी रुंद केली.

सोनाराकडे मोडीत आलेले जुने बंजारी दागिने होते, ते त्याने मंडळासाठी न वितळवता ठेवले होते. त्यात टोपली-घुगरीची जोडी होती. टोपली म्हणजे वाटीएवढी चांदीची टोपी, कानशिलावरच्या वेणीत गुंफायची, आणि तिच्याखाली घुगरीचे झुबके गालाशी लोंबतात. सोनारकाकूंनी माझ्या केसांच्या बारीक वेण्या घातल्या आणि दोन्ही बाजूंना ती चांदी बांधली. केवढं वजन होतं तिला. मान हलवली की गालाला गार लागायचं आणि आवाज यायचा. दोन वर्षांत माझ्या अंगावर वाजणारं काही नव्हतं. मी पाण्याला जायच्या निमित्ताने उगाच चार चकरा मारल्या, नुसता तो आवाज ऐकायला.

त्यानंतर वर्षभर मी त्या दोन दिवसांवर जगायची. तुरीला फुलं धरली की माझ्या जिवात जीव येई. लाल घागरा पेटीतून काढून उन्हात टाकायचं कामही माझंच. वहिनी म्हणायची, तुमाले तं सणच झाला हा. झाला होता खरा.

तिसऱ्या वर्षी दादाला नवीनच खूळ आलं. आपण सगळं बरोबर करतो की नाही, हे खऱ्या माणसांकडून बघून घ्यायचं त्याने ठरवलं आणि तांड्याच्या नायकाला मुक्कामावर बोलावलं. नायक दुपारी आला, सोबत त्याची म्हातारी आई. नायकाला घोंगडीवर बसवलं. त्याने बसल्या बसल्या खिशातून काडेपेटी काढून बिडी पेटवली आणि सगळं मंडळ दुसरीकडे बघायला लागलं. दादा त्याला विचारत होता, गोणी अशीच बांधत का, पाल असंच उभं करत का, आणि नायक प्रत्येक गोष्टीला असंल, असंल म्हणत होता. त्याने स्वतः लदेणी कधी पाहिलीच नव्हती. पाहिली होती ती म्हातारीने, लहानपणी.

म्हातारी बायकांत येऊन बसली. तिने अडत्याच्या बायकोचा घागरा ओढून नीट केला, काकूंची ओढणी सारखी केली. माझ्यापाशी आली तेव्हा तिचा चेहरा खुलला. तिने एक घुगरी थोडी पुढे सरकवली, हनुवटीला धरून माझं तोंड इकडून तिकडून बघितलं आणि मग पुरुष बसले होते तिकडे मान करून विचारलं,

"तुया माणूस कोनता व्हय, माय?"

आणि मी त्या पुरुषांकडे बघितलं. खरंच बघितलं, एकेकाकडे, जणू त्यातला कुणीतरी माझा असणार होता आणि मला तो फक्त दाखवायचा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. क्षणभरच, पण त्या क्षणाची लाज मला आजही जाळते.

उत्तर दादाने दिलं. त्याचं सगळं लक्ष म्हातारीकडेच होतं. म्हणाला, ही माझी बहीण, हिचे मालक वारले. म्हातारीने माझ्या हनुवटीवरचा हात काढून घेतला. रागाने नाही, गरम भांड्याला चुकून हात लागावा तसा. मग तिने सावकाश सांगितलं, की टोपली-घुगरी लग्नात चढते, माणूस जिवंत आहे तोवर असते, आणि तो गेला की त्याच्या मागोमाग उतरवतात.

कुंकू नाही, मंगळसूत्र नाही म्हणून ज्या चांदीला आईने होकार दिला होता, ती चांदी म्हणजेच त्यांचं कुंकू आणि मंगळसूत्र होतं. अडत्याच्या बायकोने ओढणी तोंडाला लावली. दादाचा चेहरा मी बघत होते. त्याला माझं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही तिथे नव्हतं. गणित चुकलेल्या पोरासारखा तो कपाळाला आठ्या घालून उभा होता.

"तीन वर्सं चुकलो आपन," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काढ बाई थे."

म्हातारीला ते आवडलं नाही. "राहू द्या जी," ती म्हणाली. "तुमचा तं खेळ हाय. ते पोरगी काई आमच्या घरची नाई."

"खेळ आहे म्हनूनच बरोबर पायजे," दादा म्हणाला.

ज्यांचा रिवाज होता ते सोडून द्यायला तयार होते आणि ज्यांचा नव्हता तो माझा भाऊ अडून बसला होता. त्या वेळी मला हे सुचलं असतं तर मी बोलले असते. सुचलं नाही. मी गुपचूप खाली बसले आणि काकू माझ्या वेण्या सोडायला लागल्या.

टोपली अशी झटकन निघत नाही. ती केसांत गुंफलेली असते, एकेक पेड सोडावा लागतो. पुरुष उठून बैलांकडे गेले, पण बैलांना काही झालेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना पुन्हा इकडे बघावंच लागत होतं. आरशांची चोळी घातलेली, केस मोकळे सुटलेली विधवा भर दुपारी सगळ्यांच्या मधोमध बसली होती. पहिली बाजू निघाली. दुसरी निघेना. काकू म्हणाल्या, हात काढ व बाई. तेव्हा मला कळलं की दुसरी घुगरी मी मुठीत धरून ठेवली होती. काकूंना माझी बोटं उघडावी लागली, आणि ते सगळ्यांनी बघितलं.

दागिना काढला याची लाज नाही वाटली मला. माझा तो नव्हताच. तो मला किती हवा होता हे उघड्यावर पडलं, त्याची वाटली. त्यानंतर कित्येक महिने मी काकूंच्या घरावरून जाताना रस्ता बदलायची.

आईच्या कानावर गेलंच. देवापुढे बसून तिने नाक घासलं आणि लाल घागरा पेटीतून काढून वहिनीच्या कपाटात ठेवून दिला.

दादा वर्षभर तांड्यावर जात राहिला. म्हातारीला विचारून विचारून त्याने बरंच काही गोळा केलं. पुढच्या थंडीत एका संध्याकाळी तो शिंप्याकडून एक गाठोडं घेऊन आला आणि त्याने ते माझ्यासमोर सोडलं. काळसर घागरा, एकही आरसा नसलेली कांचळी म्हणजे त्यांची चोळी, जाडीभरडी ओढणी. त्यांच्याकडच्या विधवेचा पोशाख. टाका न् टाका विचारून शिवून घेतलेला होता. आपल्या मंडळात विधवा नव्हतीच आजपर्यंत, तो म्हणाला, एवढ्या मोठ्या तांड्यात एक तरी असायचीच. तो इतका खुशीत होता की मला आधी त्याचीच दया आली.

मग राग आला. मी म्हटलं, "दादा, सालभर मी खरीच राहतो नं. दोन दिवस खोटी राह्यली असती तं तुयं काय गेलं असतं?"

तो बराच वेळ त्या ओढणीची घडी घालत राहिला. मग हळूच म्हणाला, "पन चूक माईत झाल्यावर कशी करू, बाई?"

त्याला ते खरोखरच कळत नव्हतं. मी नाही म्हणू शकले असते. पण मग ते दोन दिवसही गेले असते, नदी गेली असती, आणि पुन्हा डाळीची खोली. मी तो पोशाख घेतला.

वहिनीही त्या वर्षी आली. चांदी सौभाग्याची आहे हे कळल्यापासून तिला आरशांच्या चोळीची लाज वाटेनाशी झाली होती. काकूंनी तिच्या केसांत टोपली-घुगरी गुंफली आणि ती पुढे चालली. मी गोण्यांच्या मागे होते. बाजारात दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, नेहमीसारखी हसत, पण मी समोरून गेले की गप्प होत होती. कापडदुकानदाराने गादीवरून उठून दादाला हाक मारली आणि म्हणाला, मास्तर, बाकी सगळी सोंगं वाटतात, तुमची बहीण तेवढी हुबेहूब जमली. दादाने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि खूश होऊन मान डोलावली.