सुभेदार भाऊजींचं कोरडं बंदर

ये गं पोरी, अशी जवळ बस. तो मोबाइल ठेव बाजूला. दोन वर्षांनी मावशीकडे आलीस, तीही उद्या निघायच्या बोलीवर. शोभतं का हे? तुमच्या पुण्याच्या ऑफिसात कोरड्या बंदरांचे आराखडे करतात म्हणालीस, म्हणून सुभेदार भाऊजींचं सांगते.

भाऊजी म्हणजे माझ्या मालकांचे चुलतभाऊ, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. सांगलीकडच्या या द्राक्षाच्या गावात हा एकटा माणूस द्राक्ष तोंडात घालत नसे. घड पुढे केला की टॉवेल नाकाला लावायचे. त्यांची नोकरी पूर्वेच्या सीमेजवळ होती. पलीकडच्या देशात जाणारे ट्रक तिथं कागदांपायी दिवसचे दिवस तटलेले असत. एकदा एका ट्रकखालून रस गळताना दिसला, वर चिलटांचा ढग. ताडपत्री उचलली, तर पेट्यांवर आमच्याच गावाचं नाव. "वैनी, वर्साची बाग गटारातनं व्हात हुती, आन् सायेब नाकाला रुमाल लावून शिक्का हुडकत हुता," असं सांगायचे आणि बाजूला थुंकायचे.

तेव्हापासून त्यांना एकच ध्यास. तपासणी, कागद, सील, सगळं इथं गावाशेजारीच व्हावं. एकदा कंटेनर रेल्वेवर चढला की सीमेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. समुद्र नसलेलं बंदर. पारावरचे हसायचे, "सुभेदार, बोट कवा लागती?" हे म्हणायचे, "तुजं डोस्कं तरंगाय लागलं की, गड्या. पोकळच हाय."

पण माणूस नुसता बोलणारा नव्हता. कराडशेजारी मलकापूरला हायवेवरच्या चहाच्या टपरीत आठ दिवस बसले. फलटणचं डाळिंब कुठं जातं, आपला बेदाणा कुठं जातो, ट्रकवाल्यांना विचारून वहीत उतरवलं. मग आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये चुन्यानं बंदर आखलं आणि काड्यापेट्यांचे कंटेनर मांडले. "वैनी, हितनं गाडी वळंल का?" मी म्हणे, "आवं, आधी मला झाडू तर द्या." जागाही त्यांनी हेरली होती, रेल्वेरुळाजवळचा उंच मुरमाड माळ.

शेवटी बंदर मंजूर झालं. आखणी करणारे साहेब आले ते ऐन वैशाखात. त्यांना ओढ्याकाठची सपाट पट्टी आवडली, मोकळी आहे म्हणून. ती मोकळी का राहिली, हे त्यांनी विचारलं नाही. दर पुरात तिथं गळ्याइतकं पाणी असतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी सगळे गप्प. निकामी रान सरकार घेतंय, मग कोण बोलतंय? आमचंही अर्धा एकर रान त्यातच होतं.

सभेत भाऊजी एकटे उभे राहिले आणि पाणी कुठवर चढतं ते सांगू लागले. मी मागून त्यांचा सदरा ओढला. "आवं भाऊजी, बसा खाली. समद्यांचं भलं हुतंय."

ते वळले. "वैनी, तुमीबी?" एवढंच म्हणाले आणि बसले. साहेबांनी विचारलं, "आणखी कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती.

भिंत झाली, कमान झाली, गोदाम भरलं. दुसऱ्याच पावसाळ्यात पूर आला. ओसरल्यावर भाऊजी आणि मी बघायला गेलो. बेदाण्याची खोकी फुगून फुटलेली, त्यांत पांढरे किडे वळवळत होते. चिखल गोड चिकट झालेला, चप्पल उचलेना. ओकारी यावी असला आंबूस वास. मला वाटलं, आता मला बोलतील. त्यांनी टॉवेल नाकाला लावला. "वास त्योच हाय, वैनी. फकस्त ह्या खेपंला सायेब आपुनच हाय."

मला माझीच किळस आली.

त्याच थंडीत ते गेले. गाव अजून त्या आखणीवाल्यांना शिव्या घालतं, आणि मला ते ऐकवत नाही. द्राक्ष आता माझ्याही घशाखाली उतरत नाही.

तुम्ही आता या बंदरासाठी नवी जागा बघणार म्हणालीस. मग पोरी, लवकर परत ये. वैशाखात नको, ओढा भरलेला असताना ये. भाऊजींची वही काढून ठेवते. त्या पट्टीच्या कडेला तुला उभी करून पाणी दाखवते. तुझ्या साहेबांनाही आण. बाकीचे गप्प बसले तरी या वेळी मी बोलेन. ये हं.