चौथ्या दिवसाचं न्हाणं

माझी थोरली जाऊ भागीरथी, आमची अक्का, अशी, की तिला कुठलाही नियम द्या, त्यातून ती मजा काढणारच. मी लग्न होऊन कुंभकोणमला आले तेव्हा आमच्या घरात पाळीच्या दिवसांत बायकांनी परसातल्या खोलीत दूर बसायचं अशी रीत होती. मी गणित शिकून आलेली. कोणीतरी उंबऱ्याबाहेर कॉफी ठेवणार आणि ती मी गुपचूप उचलून प्यायची, या विचारानंच माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुसऱ्या महिन्यात अक्काही तिथे येऊन बसली. तिनं चिंचोक्यांनी खेळायचा पल्लांगुळीचा लाकडी पट माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "अगो, येथें कोणी काम सांगत नाहीं. आणखी काय पाहिजे तुला?"

खरंच काही नको असायचं. आम्हा दोघींची पाळी एकदमच येऊ लागली आणि सासूबाईंना, त्रिपुरसुंदरींना, अख्ख्या घराचा स्वयंपाक एकटीला करावा लागायचा. आतून भांड्यांची आदळआपट ऐकू यायची. अक्का त्यांची हुबेहूब नक्कल करायची आणि मी तोंडात पदर कोंबून हसायचे. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायलं की पुन्हा चुलीपाशी. त्या न्हाण्याची मला कधी घाई झाली नाही. त्या रीतीवर मी आजही चिडते, पण माझ्या संसारातल्या सगळ्यात सुखाच्या दुपारी त्याच खोलीत गेल्या. खोटं कशाला बोलू?

सासूबाई गेल्या तशी रीतही सुटली. आमच्या पाळ्या एकापाठोपाठ एक थांबल्या. अक्काचे यजमान वारले, मुलं नोकऱ्यांपायी लांब गेली. घरात मी, माझे यजमान बालाजी आणि अक्का. खोलीत स्कूटर आणि रिकामे सिलिंडर.

गेल्या नवरात्रात एका सकाळी अक्का कॉफीला आली नाही. परसात पाहिलं तर स्कूटर बाहेर काढलेली, खोली झाडलेली आणि साठी उलटलेली माझी जाऊ चटईवर ऐटीत बसलेली.

"विद्या, मी दूर बसलें," ती म्हणाली.

"या वयात?"

"मग काय झालें? आलें तें आलें."

आम्ही दोघी हसलो. मी कॉफी करून उंबऱ्यावर नेली आणि पायरीवर बसून तिच्याशी दुपारभर खेळले. कोलू, म्हणजे नवरात्रात मांडलेल्या बाहुल्या, पाहायला आलेल्या बायकांनी, अक्काला तारुण्य फुटलं म्हणून चेष्टा केली. तीही त्यांना पुरून उरली. चौथ्या दिवशी न्हायली आणि घरात आली. मला किती बरं वाटलं होतं ते काय सांगू. आपलं गेलेलं वय पाहुणं म्हणून परत आल्यासारखं वाटलं.

दिवाळीनंतर पुन्हा तेच. या वेळी मला हसू आलं नाही. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवूया. अक्का म्हणाली, "दूर बसलेली बाई रस्त्यानें चालेल काय? न्हाणें होऊं दे." न्हाणं झाल्यावर म्हटलं, चल. तर म्हणाली, "आतां थांबलें कीं. आतां काय दाखवूं?" दोन्हीकडून दार बंद. तिच्या लेखी ती काही लपवत नव्हती, सगळं यथासांग करत होती.

तिसऱ्या खेपेला चौथा दिवस आला, पण न्हाणं आलं नाही. थांबेचना. अक्का न्हाण्याची वाट बघत बसून राहिली. ताट अर्धं परत येऊ लागलं. रोज मी विचारायचे आणि रोज ती "उद्यां" म्हणायची.

त्यातच सासूबाईंचं, अक्का ज्यांना अत्या म्हणायची त्यांचं, श्राद्ध आलं. मी पहाटे न्हाऊन, ओलेत्याने, सोवळ्यात स्वयंपाकाला लागले. भात चढवून वळले तर खिडकीतून अक्का दिसली. भिंतीला धरून उभी राहायला बघत होती आणि घसरत खाली बसत होती. ओठ पांढरेफटक.

मी तशीच परसात गेले. तिनं मला येताना पाहिलं आणि हात पुढे करून म्हणाली, "शिवूं नको विद्या. सोवळ्यांत आहेस. आज अत्यांचें श्राद्ध."

मी उंबरा ओलांडला आणि तिला काखेत हात घालून उचललं. म्हटलं, "आता मीही बाटले. तुझं न्हाणं नाही, माझंही नाही. दोघी जाऊ." ती रडली. माझ्यावर चिडून रडली. मी सोडलं नाही. बालाजींनी चुलीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाध्यार भटजींना मी सांगतो. तू रिक्षा बोलाव."

डॉक्टर गोमती यांनी विचारलं, पाळी थांबून किती वर्षं झाली, नंतर पहिल्यांदा अंगावरून कधी गेलं. अक्कानं सगळं नीट सांगितलं, प्रत्येक वेळी कशी रीतसर बसले तेही.

"घरात कोणाला सांगितलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"अस्क्यांना ठाऊक आहे."

म्हणजे सगळ्यांना. खरंच होतं ते. गल्लीभर ठाऊक होतं.

डॉक्टर म्हणाल्या, पाळी वर्षभर बंद राहिली आणि नंतर एक डाग जरी दिसला, तरी त्याला पाळी म्हणायचं नाही. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, आतला नाजूक झालेला पदर किंवा छोटा कोंब. कधी कधी निघत नाही. म्हणून थांबलं तरी दाखवायचं, आणि वाहत असतानाही दाखवायचं. हे शेवटचं त्यांनी अक्काकडे बघून दोनदा सांगितलं. सोनोग्राफी झाली, आतला तुकडा तपासायला गेला. गर्भपिशवीच्या अस्तरात कर्करोग निघाला. पिशवीबाहेर पसरलेला नव्हता. तंजावरला शस्त्रक्रिया करून पिशवी काढली. डॉक्टरांच्या मते वेळेत आलो, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी मी तिला कांजी भरवत होते. पुढची तपासणी कधी ते सांगून म्हटलं, "अक्का, वाचलीस तू."

तिनं चमचा हातानं बाजूला सारला. मग म्हणाली, "पट्टीश्वरमला, माहेरीं, माझ्या अम्मालाही म्हातारपणीं असेंच आलें होतें. आम्ही बहिणी हसलों. रोज वेळेवर जेवण नेऊन उंबऱ्यापाशीं ठेवलें. एक दिवस चुकलों नाहीं. तिचें न्हाणें आलेंच नाहीं, विद्या. आणि ती जाईतों आम्ही कोणी तिला शिवलों नाहीं."

मी वाटी खाली ठेवली आणि तिचा हात धरून बसले.