हाऊहाचं आभाळ

लिमा शहरात उन्हाळ्याचे तीन-चार महिने सोडले, तर आभाळ गाढवाच्या पोटासारखं करडं असतं. त्यावरच नेलिदा चुम्पिताझचं घर चालायचं. फोटो लोकांचे, आभाळ हिचं. नवरीची जाळीदार ओढणी असो की वाऱ्यावर उडालेले केस, संगणकावर मागचं करडं काढून ती निळं असं बसवायची की एकेक बट जागच्या जागी. काठाला पांढरी रेघ दिसली तर धंदा सोडीन, म्हणायची. सतरा वर्षांत तिला कुणी पकडलं नव्हतं.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा तेओदोसिया नावाची म्हातारी नवऱ्याचा फोटो घेऊन आली. फोर्तुनातो लिमातल्याच एका मोये नावाच्या बारीक पानांच्या झाडापुढे उभा, डोक्यावर काठाला उसवलेली गवती टोपी. डोंगरातल्या हाऊहा गावी परत जायचं म्हणत म्हणत तो चाळीस वर्षं लिमात राहिला आणि इथेच गेला. नोव्हेंबर लागताच येणाऱ्या मृतांच्या दिवशी त्याच्या कबरीवर हा फोटो लावायचा होता.

"मागे हाऊहाचं आभाळ घाल, पोरी. तेवढं तरी मिळू दे त्याला."

मोयेची पानं म्हणजे केसांहून वाईट. संगणकावर फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या थरांत सुटा करता येतो; त्यातल्या निळ्या थरात पानं सगळ्यात काळी उठून दिसतात. तोच थर घेऊन नेलिदाने दोन दिवस बसून पानापानाचा साचा काढला.

तिसऱ्या दिवशी म्हातारीने येऊन पाहिलं. "सुरेख झालंय. पण ह्याची सावली कुठंय?"

"कसली सावली?"

"टोपीची. आमच्याकडे इतकं निळं असलं की ती तोंडावर पडतेच. हा तर घरात उभा असल्यासारखा दिसतोय."

नेलिदाचे कान तापले. सतरा वर्षं ती कडा बघत आली होती, तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. पण शरमेपेक्षा नवल जास्त होतं. "कुठपर्यंत पडते, आजी?"

म्हातारीने आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली आणि टेबलावरचा दिवा उचलून वर धरला. "मान सरळ ठेव. दुपारी बाराला इथपर्यंत." तिचं बोट नेलिदाच्या नाकाच्या शेंड्यावर टेकलं. नेलिदाने मोबाईलवर स्वतःचा फोटो काढला आणि त्यात बघून ती सावली फोर्तुनातोच्या तोंडावर उतरवली. आता तो खरोखर हाऊहात उभा होता.

म्हातारीने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "गाव आलं. पण डोळे कुठायत?"

"सावलीत आहेत. थोडी फिकी करू?"

"तिथलं ऊन थोडंथोडकं नसतं, बाई." म्हातारीने पडद्यावरच्या सावलीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "काढून टाक सगळं. गावाला जायचं त्याला होतं. मला तो दिसायला हवा."

नेलिदाने करडं आभाळ परत आणलं. फोर्तुनातो पुन्हा दोघींकडे बघू लागला. आपल्या डोक्यावरची टोपी परत द्यायची राहिली, हे नेलिदाला म्हातारीचं रडणं थांबल्यावर आठवलं.