एकदा होऊन गेलेली बाई

रामीबाईला कोरोना झाला तो पहिल्याच वर्षी. चौदा दिवस यवतमाळला काढून ती मारेगावजवळच्या आपल्या तांड्यात परतली आणि तेव्हापासून तिची ऐट काही विचारू नका. "मले होऊन गेला. आता माहं आंग त्याले ओयखते, जवळ येऊ देत नाही," असं ती येईल-जाईल त्याला ऐकवायची. मास्क बांधणाऱ्यांना तर तोंडावर हसायची.

पुढच्या वर्षी एप्रिलात राजूरकडे धाकट्या बहिणीला, मैनाबाईला भेटायला निघाली तेव्हा घसा खवखवत होता. उन्हानं झालं असेल म्हणून तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सुनेनं जाऊच दिलं नसतं, ही खरी गोष्ट.

बंजारा बायकांची भेट म्हणजे नुसता रामराम नव्हे. गळ्यात गळा घालून, सूर लावून रडायचं आणि मधल्या दिवसांची सुखदुःखं त्या रडण्यातच सांगायची. दोघी बहिणी बराच वेळ रडल्या. दोन दिवसांत रामीबाईचा घसा मोकळा झाला. पाचव्या दिवशी मैनाबाई तापानं फणफणली, ती दवाखान्यातून घरी आलीच नाही.

मैनाबाईची मुलगी जया त्याच गावात आशाताई, म्हणजे आरोग्यसेविका होती. महिन्याभरानं रामीबाई तिच्याकडे गेली, तेव्हा जया लशीसाठी बायकांना समजावत होती. "एकदा झाला की शरीर त्याले ध्यानात ठेवते, दुसऱ्यांदा आला की लवकर हाकलते. पण हाकलेपर्यंत तो घशात राह्यतेच, अन् तेवढ्यात दुसऱ्याले लागते."

रामीबाईनं पदर तोंडावर ओढला. धरणी दुभंगावी असं तिला झालं. तेव्हापासून ती कोणाच्याच गळ्यात पडली नाही, लांबूनच हात जोडायची. म्हातारी माजली, असं बायका म्हणत.

यंदा दिवाळीनंतर जया स्वतःच आली आणि हात पसरून पुढे झाली. रामीबाई मागे सरकली.

"जये, तवा माहा घसा दुखत होता वं. म्याच आणला तो तुया घरी."

"मले माहीत हाये, मावशी. मायनंच सांगतलं दवाखान्यात. तुहा आवाज बसला हाये, हे तिले रडतानाच समजलं होतं."

"मंग तिनं मले दूर काहून नाही केलं?"

"तुले वाईट वाटलं असतं म्हणे."

 जयानं रामीबाईच्या गळ्यात हात टाकले, पण म्हातारीला मान वर करवेना.