बत्तीसशेवरची टकटक

त्याला सगळे कानवाला म्हणत. कान इतरांनाही असतात, पण ते मुख्यतः चष्मा अडकवण्यासाठी. याच्या कानांवर याचं घर चालायचं. कॉम्प्युटरवर आकडे फिरवून इंजिनं सुरात लावून द्यायची, हा धंदा. टर्बोची गाडी रोलरवर चढवायची, पट्ट्यांनी जखडायची, इंजिनाच्या अंगाला एक सेन्सर आवळायचा. त्याची वायर एका डबीत आणि डबीतून दोन हेडफोन. इंजिनात पेट्रोल भलत्या वेळी भडकलं की बारीक टकटक होते. स्क्रीनला ती कळण्याआधी कानवाल्याला कळे.

ही विद्या मास्तरांची, वर्कशॉपही त्यांचंच. दोन हेडफोन ही त्यांची पद्धत: एक उस्तादाला, एक शिकणाऱ्याला. आणि नियम असा, की आधी धाकट्याने बोलायचं. थोरला आधी बोलला की धाकट्याला तेच ऐकू येतं. इंजिन स्वच्छ असेल तर हेडफोन काढून गळ्यात घ्यायचा. वेगळी पावती नाही.

वीस वर्षांत हा नियम एकदाच मोडला, आणि तो मास्तरांनीच.

गाडी त्यांची स्वतःची होती. मास्तरांना कमी ऐकू येत होतं, हे मास्तर सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं. टर्बोने इंजिनात कोंबलेली हवा जिथे जोर धरते तिथे, मिनिटाला बत्तीसशे फेऱ्यांवर, त्यांनी व्हॉल्व्हची वेळ भलतीच अलीकडे ओढली होती. येणाऱ्या हवेला दार थोडं आधी उघडून दिलं की गाडी झोकात उचल घेते. फारच आधी उघडलं की पाहुणे जास्त आणि घर लहान. रोलर फिरला, काटा बत्तीसशेवर आला आणि कानवाल्याला टकटक ऐकू आली. काचेवर नखाने वाजवावं तशी. स्क्रीन कुंपणावर बसला होता, टकटकीचा आकडा घटकेत शून्य, घटकेत एक.

"स्वच्छ," मास्तर म्हणाले. "काय रे?"

"हो," कानवाला म्हणाला.

बापाच्या जागी असलेल्या माणसाला तुम्हाला ऐकू येत नाही असं तोंडावर कसं सांगायचं? उद्या ते जेवायला गेले की गुपचूप दोन अंश मागे घेऊ, असं त्याने ठरवलं. पण मास्तर गाडी घरी घेऊन गेले आणि त्या उद्याचे आठ दिवस झाले. नवव्या दिवशी भर चढावर पिस्टन फुटला. मास्तरांनी गाडी एकट्याने ढकलत कडेला घेतली, आत बसले, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि ते परत उचललं नाही. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं. कानवाल्याच्या मते तिथे बत्तीसशे लिहायला हवं होतं.

तेव्हापासून त्याला प्रत्येक गाडीत बत्तीसशेवर टकटक ऐकू येऊ लागली. नव्या गाडीत, जुन्या गाडीत, सगळीकडे तीच नखं. तो घाबरून व्हॉल्व्हची वेळ मागे घ्यायचा, आणखी मागे घ्यायचा, आणि गाडी नेमकी तिथेच मेल्यासारखी व्हायची. गिऱ्हाइकं याला कानवाल्याचा खड्डा म्हणू लागली. "मधला दात काढून दिलात हो," असं एक दातांचे डॉक्टर म्हणाले, आणि ते या विषयातले जाणकार. वर्षभरात गाड्या इतक्या कमी झाल्या, की रोलरवर मांजर निवांत झोपू लागलं.

मग एका सकाळी मास्तरांच्या बायकोने, काकूंनी, तीच गाडी आणून उभी केली. इंजिन दुसरीकडून नवं बांधून घेतलं होतं.

"हिला पूर्वीसारखी कर."

"काकू, मी दुसरा माणूस सांगतो."

"दुसऱ्याचे कान मला माहीत नाहीत," म्हणत त्या मास्तरांच्या स्टुलावर बसल्या आणि दुसरा हेडफोन अंबाड्यावरून खाली ओढला.

ही गाडी धड झाली नाही तर शटर कायमचं ओढायचं, हे कानवाल्याने मनाशी पक्कं केलं. त्याने मास्तरांचे जुने आकडे उघडले, बत्तीसशेवर तेवढे दोन अंश मागे घेतले, त्या दिवशी राहिलेले, आणि गाडी पळवली. स्क्रीनवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्य. कानात टकटक. त्याचा हात आणखी दहा अंश काढायला पुढे गेला.

"नियम मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "आधी धाकट्याने बोलायचं."

"टकटक येतेय," तो म्हणाला. हात तसाच अधांतरी. "त्या दिवशीही आली होती. मी हो म्हणालो."

"ते त्यांना माहीत होतं."

"त्यांना ऐकूच येत नव्हतं, काकू."

"दिसत होतं ना. घरी येऊन म्हणाले, पोरगा स्वच्छ म्हणाला, पण हेडफोन काही काढला नाही. येईल स्वतःहून सांगायला. आठ दिवस रोज संध्याकाळी तिसरा कप मांडायला लावला."

"मग गाडी चढावर नेली कशाला?"

"हट्ट. तू सांगशील तेव्हा मान्य करणार, तोवर नाही." मग त्या म्हणाल्या, "आणि आता मला विचारशील, तर मला काही ऐकू आलं नाही. अर्थात माझी धाव मिक्सरपर्यंत. स्क्रीन काय म्हणतोय?"

"शून्य."

त्याने गाडी पुन्हा पळवली. बत्तीसशेवर टकटक आली, वेळेवर, ओळखीची. त्याने आकड्याला हात लावला नाही. फाइल साठवली आणि हेडफोन काढून गळ्यात घेतला. टकटक कानातच राहिली.

काकू गाडी घेऊन गेल्या. फाटकाबाहेर बत्तीसशेवर ती कशी झेपावली ते साऱ्या गल्लीने ऐकलं. कानवाल्याने दातांच्या डॉक्टरांना फोन केला, "घेऊन या, दात बसवून देतो."

गाड्या पुन्हा येऊ लागल्या. मांजराने जागा बदलली. आजही तो दुसरा हेडफोन मास्तरांच्या स्टुलावर ठेवतो. काटा बत्तीसशेच्या पुढे गेला की रिकाम्या स्टुलाकडे वळून म्हणतो, "येतेय, पण इंजिनात नाही."

आणि मग थोडा थांबतो. आता थोरल्याची पाळी असते.