ट्रिपला नेलेले देव

अमेरिकेतून, नेपरव्हिलहून निघताना माझी बॅग थोरल्या सुनेने भरली. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे राहते, पण असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे मी जरा भारावलेच. धाकट्या मुलाकडे जोहान्सबर्गला दोन आठवडे, मधे चार दिवस जंगल, असा आम्हा तिघांचा बेत होता. "आई, तू फक्त रिलॅक्स कर. सिंह बघ, हत्ती बघ," थोरला म्हणाला. मला ते खरं वाटलं.

धाकट्याच्या घरी बॅग उघडली, तर साड्यांच्या घड्यांत बाळकृष्ण. त्याच्याखाली अन्नपूर्णा, घंटा, निरांजन, माझ्या सासूबाईंची सहाण, सगळं टॉवेलात नीट गुंडाळलेलं. मी तिथेच पलंगावर बसले. दोन आठवड्यांसाठी देव कुणी बरोबर नेत नाही. शेजारणीला किल्ली देऊन चार फुलं वाहायला सांगतात, झालं. देव हलतात ते घर हलतं तेव्हा. म्हातारीला ठेवून यायचं आणि देव घरात राहिले, तर पूजा आपल्या गळ्यात पडेल, एवढा पुढचा विचार सुनेने केला होता. मला त्यावरून काय कळेल, हा मात्र केला नव्हता.

मी बॅग पुन्हा बंद केली. कोण आधी तोंड उघडतं ते मला बघायचं होतं.

जंगलात धाकटा गाडी चालवत होता, थोरला त्याच्या शेजारी, मधल्या सीटवर दोघी सुना, आणि मी मागे, धपाट्यांच्या डब्यापाशी. एका वळणावर सिंहिणींनी रेडा पाडला होता. रेडा अजून मेला नव्हता. त्याचा एक पाय हलत होता आणि त्या मागून खायला लागल्या होत्या. दोघींनी मोबाइल काढले. नेमकं तेव्हाच थोरल्याने इंग्रजीत विषय काढला.

"वुई डिड अवर पार्ट. नाऊ इट्स युअर टर्न."

"तू व्हिजिट म्हणाला होतास," धाकटा म्हणाला. "परमनंटचं कधी डिस्कस केलंस?"

"वुई डोन्ट हॅव द स्पेस," धाकटी सून म्हणाली. तिच्या घरात दोन खोल्या नुसत्या पाहुण्यांसाठी सजवून ठेवलेल्या.

नातवंडांना मराठी यावं म्हणून घरात मी मराठीच बोलायचं, हा नियम थोरल्या सुनेचा. नातवंडं इंग्रजीतच उत्तरं देत मोठी झाली, आणि मला इंग्रजी येतं हे मात्र सगळे विसरले. मी जन्मभर बँकेत नोकरी केली आहे. गाडीतून उतरायला मनाई, त्यामुळे रागाने कुणाला निघूनही जाता येईना. आवाज चढत गेले. मला माझ्या दोन्ही मुलांची किळस आली. कुणाला तरी मी हवी असेन, असं तोवर वाटत होतं, याची त्याहून जास्त.

"प्लीज, कीप युअर व्हॉइसेस डाउन," मी म्हणाले. "दे आर ईटिंग."

मागे वळून बघायची कुणाची छाती झाली नाही. धाकट्याने गाडी सुरू केली. रेड्याचा पाय अजून हलत होता.

एअरपोर्टवर धाकटा पाया पडला आणि रडला. थोरला मला घेऊन परत चाललाय याचा त्याला आनंद झाला होता, आणि तो लपवायला रडू सोपं पडत होतं. "सुखी राहा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

नेपरव्हिलला गुडघाभर बर्फ होतं. माझ्या खोलीत, देव्हाऱ्याच्या जागी ट्रेडमिल. आम्ही नसताना शेजाऱ्यांनी दार उघडून तो आत घेतला होता. देव्हारा गॅरेजमध्ये, बर्फ काढायच्या फावड्यामागे. थोरल्याने तो मुकाट्याने पुसून आणला आणि खिडकीखाली ठेवला. ट्रेडमिल जड म्हणून राहिला.

आता रोज सकाळी, माझ्या पूजेच्या वेळी, सून त्यावर पळते. देव्हारा रिकामाच आहे. बाळकृष्ण बॅगेत, टॉवेलात, जसा तिने गुंडाळला तसा. त्याला नैवेद्य नाही, याने माझा जीव तुटतो. तरी मी तो बाहेर काढत नाही.

परवा तिने पळता पळता विचारलं, "आई, देव का नाही मांडलेत अजून?"

"असू दे गं," मी म्हणाले. "पुढच्या ट्रिपला तुला पुन्हा बांधायला नकोत."

तिने ट्रेडमिल बंद केला. तिचा चेहरा पार उतरला होता. मला बरं वाटलं.