आमची निःपक्षपाती यादी

आमच्या ग्रुपचे किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. लिहून ठेवावं असं काही घडतंय हेच तेव्हा कळत नव्हतं. आता मात्र कुणी ‘निःपक्षपाती’ हा शब्द नुसता उच्चारला, तरी एकामागून एक आठवायला लागतात. हसू आधी येतं की राग, ते मलाही सांगता येत नाही.

आधी ग्रुप सांगतो. बुद्धिबळ खेळणारे कॉम्प्युटर प्रोग्राम पुष्कळ लोक हौसेनं लिहितात. असे दोन प्रोग्राम एकमेकांशी शंभर डाव खेळवायचे आणि कोण किती ताकदीचा याची यादी दर महिन्याला इंटरनेटवर टाकायची, हा बेंगळुरूत राहणाऱ्या आम्हा तिघांचा रविवार सकाळचा उद्योग. कुलकर्णी सर बेंगळुरूच्याच एका सरकारी कंपनीतून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. बैठक त्यांच्या घरी. समीर पुण्याचा, बेळ्ळंदूरला सॉफ्टवेअरमध्ये. आणि मी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. आठवडाभर मापं तपासायची आणि रविवारी परत तेच!

यादीच्या डोक्यावर सरांनी स्वतः लिहिलेलं वाक्य होतं : ‘समान मशिन, समान वेळ, समान न्याय.’

•

सुरुवातीला दोन मशिन होती, एकेका प्रोग्रामला एक. एक पंख्याखाली, दुसरं पूर्वेच्या खिडकीत. एप्रिलमध्ये खिडकीतलं मशिन इतकं तापायचं की आपोआप हळू चालायचं. हे मला कळलं ते धूळ झाडताना. मी मशिनांच्या जागा बदलल्या आणि सारखा हरणारा प्रोग्राम धडाधड जिंकायला लागला!

मी सरांना म्हणालो, “मागच्या यादीतले निकाल चुकलेत. दुरुस्ती टाकू या.”

सर गंभीर झाले. “देसाई, दुरुस्ती टाकली तर लोकांचा यादीवरचा विश्वास उडेल!”

•

काही सामने समीर आपल्या फ्लॅटवर चालवायचा. एक प्रोग्राम त्याचा विशेष लाडका. त्याचे सामने बऱ्याचदा मधेच थांबायचे आणि पहिल्यापासून सुरू व्हायचे. कारण एकच, लाइट गेली.

एकदा मी वही काढून बघितलं. “समीर, तुझा लाडका मागे पडला की मगच लाइट कशी जाते रे?”

“काका, बेंगळुरू आहे. इथे कशाचा भरवसा नाही.”

“पण तुमच्या बिल्डिंगला जनरेटर आहे ना?”

“तोपण नेमका तेव्हाच बंद पडतो!”

सर खो खो हसले. मीही हसलो. यादी तशीच गेली.

•

हुबळीच्या एका गृहस्थांनी प्रोग्राम पाठवला. आमच्याकडे तो एकदम आठ पायऱ्या वर चढला. मग वाचकांची पत्रं यायला लागली की आम्ही डाउनलोड केलेला तर अगदीच कच्चा खेळतो. मी त्या गृहस्थांना फोन लावला.

“बरोबर आहे,” ते शांतपणे म्हणाले. “लोकांसाठी साधा ठेवलाय. तुम्हाला टेस्टिंगसाठी खास पाठवला. पाहुण्यांच्या पानात तूप जरा जास्त वाढतोच की आपण!”

सरांनी त्याच दिवशी नियम केला : लोकांना जो मिळतो, तोच प्रोग्राम तपासायचा. मला बरं वाटलं. मी विचारलं, “मग यांना खाली आणायचं ना?”

“नियम आजपासून लागू आहे. मागचं कशाला उकरायचं?”

•

सावित्रीअक्का आनेकलहून दोन बस बदलून आल्या. मूळच्या निपाणीकडच्या, तिथे कॉलेजात गणित शिकवायच्या. त्यांचा पहिलाच प्रोग्राम यादीत तिसरा आला होता. आम्हाला भेटून आभार मानावेत म्हणून आल्या होत्या. सोबत घरचे लाडू.

लाडू तोंडात असतानाच समीरनं विचारलं, “अक्का, मूळ कोड कुणाचा?”

“माझाच.”

सर अदबीनं म्हणाले, “मिस्टर कुठल्या कंपनीत असतात?”

“शेती करतात.”

“मग तुम्हाला मदत कुणाची झाली? तुमचा कोड तपासावा लागेल.”

अक्कांनी डबा बंद केला. “सर, इतर सगळ्यांकडून कोड मागून घेतला होता का?”

“त्यांच्यावर शंका आलेली नाही.”

अक्कांनी पर्समधून कोडचा पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. “सरी, ठीक आहे. बघा.”

तपासायचं काम समीरनं आपणहून घेतलं. पुढच्या यादीत अक्कांच्या नावापुढे फुली आली आणि खाली बारीक अक्षरात ‘तपासणी चालू.’ महिने गेले तरी फुली हलेना. मी दोनदा विचारलं. समीर म्हणायचा, “काका, कोड मोठा आहे. बारकाईनं बघतोय.”

बारकाईनं बघत होता, हे खरंच.

•

आणि मग समीरनं स्वतःचा प्रोग्राम लिहिला. पहिलाच. पहिल्याच सामन्यात त्यानं यादीतल्या एक नंबरला चीत केलं! सरांना कोण आनंद. त्यांनी सगळ्या ओळखीच्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांना रविवारी बघायला बोलावलं. फुलीवाल्या अक्कांनाही.

मोठ्या स्क्रीनवर डाव सुरू झाला. प्रोग्राम विचार करत असला की खाली त्याच्या ओळी सरकत राहतात, कुठली खेळी तपासतोय, किती खोल गेलाय वगैरे. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. सरांनी चष्मा सारखा करून वाचला.

“हे ‘चिन्नी’ काय आहे रे?”

“ते होय? आतलं नाव आहे सर. टेक्निकल.”

अक्का मागच्या रांगेत होत्या. उठून स्क्रीनपाशी आल्या. तीन-चार ओळी सरकेपर्यंत नुसत्या बघत राहिल्या.

“चिन्नी माझी मुलगी आहे,” त्या म्हणाल्या.

समीर हसला. “योगायोग, अक्का. इकडे कॉमन नाव आहे.”

सर माझ्याकडे वळले. “देसाई, तुम्ही क्वालिटीतले. तुमचं काय मत?”

अक्काही माझ्याकडेच बघत होत्या.

मी म्हणालो, “आणखी शंभर डाव खेळवून बघू.”